कंपनीचा इंटरव्ह्यू वेगळा, क्लायंटचा वेगळा

आयटी सर्व्हिसेसमधला मित्र "उद्या इंटरव्ह्यू आहे" म्हणाला, की आधी विचारायचं, "कुणाचा?" नोकरी देण्यासाठी कंपनी घेते तो एक. नोकरी लागल्यावर प्रोजेक्टवर घेण्यासाठी क्लायंट, म्हणजे ज्याच्यासाठी कंपनी ते काम करते तो ग्राहक, घेतो तो दुसरा. दोन्हीकडे विषय तेच: जावा, स्प्रिंग बूट, एसक्यूएल. त्यामुळे बहुतेक जण एकाच वहीवर दोन्ही निभावायला जातात, आणि कंपनीच्या तिन्ही राउंडमध्ये उत्तम ठरलेली मुलं क्लायंटच्या अर्ध्या तासाच्या कॉलवर अडकतात. त्यांना कमी येत असतं असं नाही. समोरच्याला काय जाणून घ्यायचंय, याचा अंदाज चुकलेला असतो.

मुळात क्लायंट इंटरव्ह्यू घेतोच कशाला? माणसं निवडणं हे सर्व्हिसेस कंपनीचं काम नाही का? याचं उत्तर करारात असतं. फिक्स्ड प्राइस करारात ठरलेलं काम ठरलेल्या रकमेत करून द्यायचं असतं. ते कोण करतं याच्याशी क्लायंटला फारसं देणंघेणं नसतं, म्हणून तिथे एकेका माणसाचा इंटरव्ह्यू सहसा होत नाही. टाइम अँड मटेरियल करारात मात्र क्लायंट माणसाच्या तासांचे पैसे मोजतो. तुम्ही टीममध्ये आलात की त्याचं मीटर सुरू होतं. मग ज्याच्या तासांचे पैसे द्यायचे, त्याच्याशी आधी बोलून घ्यावं, असं त्याला वाटणं रास्तच आहे.

फ्रेशरला हा फरक कळत नाही, कारण त्याने दुसरा प्रकार पाहिलेलाच नसतो. कॅम्पसवर किंवा टीसीएसच्या एनक्यूटीसारख्या परीक्षेतून अ‍ॅप्टिट्यूड आणि कोडिंग पार करायचं, मग टेक्निकल, मॅनेजरिअल आणि एचआरला सामोरं जायचं. या सगळ्यात एकच गोष्ट तपासली जाते: या मुलाला शिकवलं तर येईल का? त्याला जावावर टाकतील, टेस्टिंगवर टाकतील की सपोर्टवर, हे तेव्हा कुणालाच माहीत नसतं. इन्फोसिस तर नव्या मुलांना आधी म्हैसूरच्या कॅम्पसमध्ये प्रशिक्षणाला पाठवते. म्हणून फ्रेशरने मूलभूत गोष्टी पक्क्या कराव्यात, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट स्वतः केलेला असावा आणि तो समजावून सांगता यावा. एवढ्यावर भागतं.

अनुभवी माणसाला घेतानाही कंपनीची नजर बरीचशी अशीच रुंद असते. या प्रोजेक्टवर नाही तर पुढच्या प्रोजेक्टवर हा माणूस चालेल का, हे तिला बघायचं असतं. क्लायंटला तुमच्या पुढच्या पाच वर्षांत रस नाही. त्याच्या टीममधून कुणीतरी गेलेलं आहे, रिलीज तोंडावर आहे, आणि सोमवारी आलेला माणूस दोन-तीन आठवड्यांत कामाला लागेल का, एवढंच त्याला हवं असतं.

हा फरक प्रश्नांत कसा उतरतो ते बघा. विषय ट्रान्झॅक्शनचा घेऊ, म्हणजे डेटाबेसमधले असे बदल, जे एक तर सगळे होतात किंवा एकही होत नाही.

कंपनीच्या पॅनलवरचा माणूस विचारतो: अ‍ॅसिड म्हणजे काय? (ट्रान्झॅक्शनच्या चार गुणधर्मांची आद्याक्षरं.) स्प्रिंगमध्ये ट्रान्झॅक्शनल अ‍ॅनोटेशन लावलं की आत काय होतं? पुढे जाऊन, त्याच क्लासमधल्या एका मेथडने दुसऱ्या ट्रान्झॅक्शनल मेथडला कॉल केला तर ट्रान्झॅक्शन सुरू होईल का? (होत नाही. स्प्रिंग हे काम प्रॉक्सीमार्फत, म्हणजे मध्ये बसवलेल्या दुसऱ्या ऑब्जेक्टमार्फत, करतं आणि आतल्या आत केलेला कॉल प्रॉक्सीतून जातच नाही.) चेक्ड एक्सेप्शन आलं तर रोलबॅक होतो का, म्हणजे केलेले बदल मागे घेतले जातात का? (आपण वेगळं सांगितलं नसेल तर नाही. तो रनटाइम एक्सेप्शन आणि एररवर होतो.) या प्रश्नांना बरोबर किंवा चूक असं उत्तर असतं. वाचून तयारी होते आणि व्हायलाच हवी.

क्लायंटकडचा लीड तोच विषय असा काढतो: "समजा ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले, पण आमच्याकडे ऑर्डर नोंदलीच गेली नाही. तुम्ही काय कराल?" इथे अ‍ॅसिडची चार अक्षरं सोडवून सांगणारा माणूस तिथेच संपतो. पेमेंट गेटवे ही बाहेरची सिस्टिम आहे, आपल्या डेटाबेसचा रोलबॅक तिथे पोचत नाही, हे आधी ओळखावं लागतं. मग पैसे मागण्याआधीच ऑर्डर 'पेंडिंग' म्हणून नोंदवायची. प्रत्येक पेमेंटला एक कायमचा क्रमांक द्यायचा, म्हणजे रिक्वेस्ट पुन्हा गेली तरी पैसे दोनदा कापले जाणार नाहीत. आणि अडकलेल्या ऑर्डर ठरावीक वेळाने गेटवेशी ताडून बघणारा एक जॉब ठेवायचा. यातलं जे तुमच्या प्रोजेक्टमध्ये खरंच होतं ते सांगा, जे नव्हतं ते "आमच्याकडे नव्हतं, पण असं करता येईल" म्हणून सांगा. हे दुसरं वाक्य बोलायला मुलं घाबरतात. माझ्या मते त्याच वाक्याने समोरच्याचा विश्वास बसतो.

एसक्यूएलचंही तसंच. कंपनी दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढायला सांगते आणि लगेच विचारते, दोघांचा पगार सारखा असला तर? रो नंबर आणि डेन्स रँकमधला फरक माहीत असला की सुटलात. क्लायंट म्हणतो, ही क्वेरी गेल्या आठवड्यापर्यंत दोन सेकंदांत यायची, आता चाळीस सेकंद घेते. इथे तुम्ही कोणत्या क्रमाने शोध घेता ते तो ऐकत असतो. आधी एक्झिक्युशन प्लॅन, म्हणजे डेटाबेस ती क्वेरी कशी चालवतो ते, बघितलं का? इंडेक्स वापरला जातोय का, की कुणी वेअर क्लॉजमध्ये तारखेच्या कॉलमवर फंक्शन लावल्यामुळे तो बाजूला पडलाय? डेटा अचानक वाढला का? स्टॅटिस्टिक्स जुनी झालीत का? कुठे लॉक अडकलाय का? आणि ज्याने प्रॉडक्शन पाहिलंय त्याला सुचणारा प्रश्न: गेल्या आठवड्यात रिलीज गेली होती का?

म्हणून क्लायंटच्या राउंडची तयारी पुस्तकातून करू नका, आपल्याच कामातून करा. आपल्या सिस्टिमचा आराखडा कोऱ्या कागदावर काढा: रिक्वेस्ट कुठून येते, कुठे कुठे जाते, डेटा कुठे साठतो, काय बंद पडलं तर काय थांबतं. डिप्लॉयमेंट कसं होतं आणि बिघडलं तर मागे कसं फिरायचं, हे टीममधल्या डेवऑप्सवाल्याला विचारून घ्या. तुम्ही स्वतः सोडवलेले प्रॉडक्शनमधले दोन-तीन प्रॉब्लेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगता आले पाहिजेत. आणि सांगताना "आम्ही केलं" या भिंतीआड लपू नका. टीमने काय केलं आणि त्यात मी काय केलं, हे वेगळं सांगा. आपल्याकडे 'मी' म्हणणं आगाऊपणाचं वाटतं, पण इथे ते अचूकपणाचं आहे. फक्त जुन्या क्लायंटचं नाव, आकडे, आतली माहिती उघड करू नका. आज त्यांचं सांगणारा उद्या आमचंही सांगेल, हे समोरच्याच्या चटकन लक्षात येतं.

आता प्रोफाइलबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. कंपनीला तुम्ही स्वतः लिहिलेला रिझ्युमे देता. क्लायंटकडे जातं ते कंपनीच्या साच्यात बसवलेलं प्रोफाइल, आणि ते जेडीला, म्हणजे क्लायंटने दिलेल्या कामाच्या वर्णनाला, जुळावं म्हणून कधी कधी तुमच्या नकळत त्यात दोन ओळी वाढतात. अडीच वर्षांची चार होतात, एकदा उघडून पाहिलेलं काफ्कासारखं टूल 'प्रत्यक्ष अनुभव' होतं. कंपनीच्या इंटरव्ह्यूत मॅनेजर तुम्हाला पारखत होता. इथे तो तुमच्या बाजूने आहे, तुम्ही निवडले जावेत अशी त्याचीही गरज आहे, आणि त्या गरजेपोटी हे घडतं. कॉलच्या आधी पाठवलेल्या प्रोफाइलची प्रत मागून घ्या. ओळ न ओळ वाचा. खोटं असेल तर लेखी कळवून दुरुस्त करून घ्या. तुमच्या तोंडून गेलेलं खोटं तुमच्याच नावावर राहतं. दुसऱ्याला आवाज द्यायला बसवणं, बाजूच्या स्क्रीनवरून वाचणं, याबद्दल तर बोलायलाच नको. क्लायंट आता कॅमेरा चालू ठेवायला लावतात आणि मध्येच स्क्रीन शेअर करून कोड लिहायला सांगतात.

पगाराचा विषय फक्त कंपनीशी. क्लायंटसमोर तो काढायचा नाही, तुमचा बिलिंग रेटही विचारायचा नाही. शेवटी "काही विचारायचंय?" म्हणाले, तर कंपनीला प्रशिक्षण, लोकेशन, शिफ्ट विचारा. क्लायंटला टीमची रचना आणि पहिल्या महिन्यात तुमच्याकडून काय अपेक्षा आहे ते विचारा.

वेळेचीही एक बाब आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे सकाळचे दहा म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात, पण नोव्हेंबर ते मार्च साडेआठ. तिथली घड्याळं बदलतात त्या आठवड्यात कॉल असेल तर वेळ पुन्हा तपासा. आणि इंग्रजीची धास्ती असेल, विशेषतः मराठी माध्यमातून आलेल्यांना, तर एवढंच करा: प्रश्न आपल्या शब्दांत परत म्हणून "असंच विचारताय ना?" अशी खात्री करून घ्या. विचार करायला वेळ मिळतो, उच्चार समजला नसेल तर तेही निस्तरतं. समोरच्याला सफाईदार इंग्रजी नको असतं, रोजच्या स्टँडअप बैठकीत एकमेकांचं कळलं पाहिजे एवढंच हवं असतं.

निकालाचा अर्थही दोन्हीकडे एक नाही. कंपनीने नाही म्हटलं तर नोकरी मिळाली नाही. क्लायंटने नाही म्हटलं तर नोकरी जात नाही. तुम्ही बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, राहता, पगार सुरू असतो, दुसऱ्या प्रोजेक्टचा कॉल येतो. त्या नकाराची कारणंही कधी कधी तुमच्याशी संबंधित नसतात. बजेट गोठतं, किंवा त्यांना दुसऱ्या व्हेंडरचा माणूस मिळतो. पण बेंच आता पूर्वीसारखा निवांत राहिलेला नाही. टीसीएसने जून २०२५ पासून वर्षाला किमान २२५ दिवस बिल होणारं काम आणि बेंचवर जास्तीत जास्त ३५ दिवस असा नियम केला. त्यामुळे क्लायंट राउंड "बघू, झाला तर झाला" म्हणून देण्याचे दिवस गेले.

दोन्ही इंटरव्ह्यू एकमेकांत गुंततात ते प्रोजेक्टपुरत्या भरतीत आणि काँट्रॅक्ट टू हायरमध्ये (आधी करारावर, मग कायम). कंपनी म्हणते, आमच्याकडून तुम्ही सिलेक्ट आहात, क्लायंटशी एक छोटा कॉल राहिलाय. हा कॉल 'छोटा' नसतो, ऑफर त्याच्यावरच टांगलेली असते. तिकडे जुन्या कंपनीचा नोटिस पीरियड नव्वद दिवसांचा, म्हणून माणूस घाईघाईने राजीनामा टाकून मोकळा होतो. तसं करू नका. एचआरला ईमेलवर दोन प्रश्न विचारा: माझी ऑफर क्लायंटच्या निवडीवर अवलंबून आहे का? आणि रुजू होण्याआधी प्रोजेक्ट रद्द झाला तर ऑफर कायम राहील का? फोनवर मिळालेलं "काळजी करू नका" हे उत्तर धरू नका. ईमेलला लेखी उत्तर आलं आणि सही केलेलं ऑफर लेटर हातात पडलं, की मग राजीनामा द्या.