हुतात्मा चौकात गेलात तर हे माहीत असू द्या

चर्चगेटला उतरून फोर्टात जाताना आपण सगळेच तिथून जातो, मशाल धरलेला शेतकरी आणि कामगार दिसतो, शेजारी फ्लोरा फाउंटन दिसतं, आणि बऱ्याच जणांचा समज असा की संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली १०६ माणसं याच चौकात एकाच दिवशी मारली गेली. तसं नाहीये.

मुंबईसह मराठी माणसांचं एक राज्य, ही मागणी जुनी होती. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला होता. पण भडका उडाला १९५५ मध्ये, राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली कमिशनचा रिपोर्ट आला तेव्हा. त्यात विदर्भ वेगळा आणि बाकी मराठी मुलूख गुजरातबरोबर द्विभाषिक राज्यात, मग काँग्रेसने त्यावर तोडगा काढला तो त्रिराज्याचा, म्हणजे महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा आणि मुंबई कुणाचीच नाही. ज्या गिरणगावाने हे शहर चालवलं त्याला हे कसं पटणार? २० नोव्हेंबरला चौपाटीवर काँग्रेसचे मोरारजी देसाई आणि स. का. पाटील सभेत बोलायला उभे राहिले, मुंबई मिळणार नाही अशी भाषा केली, लोकांनी सभा उधळून लावली. दुसऱ्या दिवशी, २१ तारखेला, संप करून कामगार विधिमंडळावर निघाले. तेव्हा विधिमंडळ नरिमन पॉइंटला नव्हतं हो, ते रिगल सिनेमाजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरायचं (आज तिथे राज्याच्या पोलीस महासंचालकांचं ऑफिस आहे, योगायोग बघा). मोर्चा फ्लोरा फाउंटनला अडवला, लाठी, अश्रुधूर, मग गोळीबार. त्या दिवशी १५ जण गेले.

मग बाकीचे कधी मारले गेले? बहुतेक जण जानेवारी १९५६ मध्ये. १६ जानेवारीला नेहरूंनी रेडिओवरून मुंबई केंद्रशासित करणार असं जाहीर केलं आणि शहर पेटलं, आठवडाभर गोळीबार चालू होता, ८० च्या आसपास माणसं मेली. त्यांच्या मरणाच्या जागा या चौकापासून लांब आहेत, गिरणगावातले रस्ते, चाळींच्या आसपासचे नाके. तिथून रोज जाणाऱ्यांना ते माहीतही नसतं, आणि मला वाटतं खरी खंत तीच आहे. आकड्याचंही तसंच, जुने लोक १०५ म्हणायचे, नंतर १०६ रूढ झालं, आता १०७ पण ऐकू येतं.

यानंतर पुण्यात फेब्रुवारी ५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती झाली, एसेम (एस. एम. जोशी), डांगे, अत्रे, प्रबोधनकार, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे एका स्टेजवर आले, अमर शेख, अण्णाभाऊ, गवाणकर या शाहिरांनी रान उठवलं, चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अहमदाबादेतही महागुजरातवाल्यांवर, म्हणजे वेगळं गुजरात मागणाऱ्यांवर, गोळ्या चालल्या, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. ५७ च्या इलेक्शनमध्ये काँग्रेसला पश्चिम महाराष्ट्रात जबर फटका बसला, तेव्हा कुठे दिल्ली हलली आणि १ मे १९६० उजाडला.

मात्र बेळगाव, निपाणीकडेही जानेवारी १९५६ मध्येच गोळीबार झाला होता. तिकडचे मराठी लोक आजही १७ जानेवारीला हुतात्मा दिन पाळतात, ती गावं कर्नाटकातच राहिली, आणि महाराष्ट्राने २००४ साली त्या गावांसाठी सुप्रीम कोर्टात दावा टाकलाय.