कीचक, कट्यार आणि पडदा

संगीत नाटक म्हणजे आजोबांचा विषय, अशी पक्की समजूत असलेली कोल्हापूरची पोरं २०१५ च्या दिवाळीत ‘कट्यार काळजात घुसली’ हा सिनेमा बघून आली आणि ‘घेई छंद मकरंद’ गुणगुणायला लागली. मूळ नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, १९६७ सालचं, चाली जितेंद्र अभिषेकींच्या, हे त्यांना मागाहून कळलं. काहींना अजून कळलेलं नाही, त्याचंही काही बिघडत नाही.

जुनं नाटक सिनेमातून नव्या प्रेक्षकापर्यंत न्यायचं, ही कल्पना हल्लीची वाटते. कोल्हापुरात मात्र तिला शंभर वर्षं होऊन गेली. मराठीत ‘पडदा’ हा शब्द नाटकालाही चालतो आणि सिनेमालाही. इथे तर दोन्ही पडदे एकाच माणसाच्या हातातले. बाबूराव पेंटर आणि त्यांचे भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. राजवाडे, अरण्यं, रस्ते, सगळं कापडावर. सिनेमाचं वेड लागल्यावर बाबूरावांनी कॅमेराही स्वतःच तयार केला. भांडवलाला तानीबाई कागलकरांचा हात लागला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

त्यांचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’, १९२० चा. त्यामागे होतं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं १९०७ चं ‘कीचकवध’. कीचक म्हणजे इंग्रज व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन, हे प्रेक्षकांनी ओळखलं, मग सरकारनेही ओळखलं आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. म्हणजे रंगमंचावर जे करता येत नव्हतं, त्याची कथा दहा वर्षांनी पडद्यावर आली. पण मूकपटात! खाडिलकरांची सारी धार संवादांत, आणि इथे संवादांच्या जागी मोजक्या ओळींच्या पाट्या. ज्याला वाचता येत नाही त्याला शेजारच्याने वाचून दाखवायच्या. गेलं ते गेलंच, पण मिळालंही काही. नाटकात स्त्रीभूमिका पुरुष करत, इथे गुलाबबाई आणि अनसूयाबाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. कीचकाचा वध तर इतका खरा वाटला, की सेन्सॉरने त्यावर कात्री चालवली. महाभारत माहीत असलेल्या, पण नाट्यगृहाची पायरी न चढलेल्या माणसाला एवढं पुरेसं होतं.

बोलपट आला आणि गाणं परत मिळालं. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेल्या ‘प्रभात’ फिल्म कंपनीने १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये हरिश्चंद्र म्हणून घेतलं ते गोविंदराव टेंब्यांना, ‘मानापमान’च्या चाली बांधणाऱ्या गवयाला. पुढच्याच वर्षी प्रभात पुण्याला गेली. कोल्हापूरकर ते अजून मनावर घेतात.

‘कट्यार’ने पुढे केलं तेही जवळपास तसंच. पंडितजी आणि खाँसाहेब या नाटकातल्या दोन प्रतिस्पर्धी गायकांची आधीची मैत्री सविस्तर दाखवली, म्हणजे वैर कशाचं हे नवख्याला कळावं. नव्या चालीही घातल्या. नाट्यपदाला मात्र पडद्यावर घाई असते. मैफलीसारखं रंगत जाणं आणि वन्स मोअर हा भाग नाट्यगृहातच मागे राहतो, आणि माझ्या मते अर्धं संगीत नाटक त्यातच आहे.

‘मानापमान’ही जानेवारी २०२५ मध्ये सिनेमा होऊन आला. १९११ च्या त्या नाटकाचा संयुक्त प्रयोग ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झाला होता. भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व, धैर्यधराच्या भूमिकेत कोल्हापूरचे केशवराव भोसले. त्यानंतर तीन महिन्यांत केशवराव गेले. शाहू महाराजांनी खासबाग कुस्ती मैदानाला लागून बांधलेल्या पॅलेस थिएटरला १९५७ मध्ये केशवरावांचं नाव दिलं गेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते नाट्यगृह जळालं. पाच महिन्यांनी शहरात ‘मानापमान’चा सिनेमा लागला, तेव्हा तो बघून मूळ नाटक ऐकावंसं वाटलेल्यासाठी तिथली दारं बंद होती.