अथणीची चप्पल दिसते, अथणीचं नाव दिसत नाही

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडाच्या मॉडेल्सच्या पायांत कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि बघता बघता सगळ्यांच्या फोनवर तोच विषय आला. चर्चा झाली ती कोल्हापूरच्या नावानं. या चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे कर्नाटकातले चार जिल्हेही आहेत. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी, निपाणीकडचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या ही चप्पल करत आले, तरी माल गाजला आणि नाव मागं राहिलं. असं का होतं, हे कळायला फीडचा, म्हणजे फोनवर एकामागून एक येणाऱ्या पोस्टच्या रांगेचा इतिहास थोडा मागून बघावा लागतो.

बेळगावात धंद्याचं नाव पूर्वी जागेवरून व्हायचं. गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात दुकान, ‘तरुण भारत’मध्ये जाहिरात आणि तोंडोतोंडी झालेली ख्याती, एवढ्यावर भागायचं. फेसबुकनं 2006 मध्ये न्यूज फीड आणि 2007 मध्ये धंद्यांसाठी पेज आणली, तेव्हाही हिशेब ओळखीचाच होता. पेज लाईक करणाऱ्याला पोस्ट दिसण्याची आशा असे. पुढं पोस्टचा ढीग वाढला, तशी निवड आली: कुणाशी किती जवळीक, पोस्टला प्रतिसाद किती, ती ताजी किती. 2016 मध्ये इन्स्टाग्रामनंही वेळेचा क्रम सोडला. जानेवारी 2018 मध्ये फेसबुकनं घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्टना झुकतं माप दिलं. हजारो लाईक जमवून बसलेल्या दुकानदारांची पोहोच घटली आणि त्याच लाईकवाल्यांपर्यंत जायला पैसे मोजायची वेळ आली.

माझ्या मते खरं वळण त्याआधीच, 2012 मध्ये आलं होतं. यूट्यूबनं किती जणांनी क्लिक केलं यापेक्षा किती वेळ पाहिलं याला महत्त्व दिलं. भडक चित्र लावून लोकांना आत ओढायची युक्ती तिथं लंगडी पडली. मग 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. 29 जून 2020 ला टिकटॉकवर बंदी आली. जुलैत इन्स्टाग्राम रील्स भारतात उतरले आणि सप्टेंबरात यूट्यूबनं शॉर्ट्सची चाचणी भारतातच सुरू केली. इथून गिऱ्हाईक ओळखीचं असायची गरज उरली नाही. रील आधी थोड्या अनोळखी लोकांपुढं जातं. ते थांबले, त्यांनी ते कुणाला पाठवलं, तर आणखी पुढं सरकतं. पाहण्याचा वेळ, लाईक आणि दुसऱ्याला पाठवणं हे सर्वांत मोठे संकेत आहेत, असं इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी 2025 च्या सुरुवातीला सांगितलं.

म्हणून दुकानाच्या पाटीचा फोटो आणि खाली हॅशटॅगची रांग, यानं आता फारसं काही साधत नाही. बेळगावच्या कुंद्याच्या, म्हणजे दुधाच्या मिठाईच्या, कढईत दूध आटत तपकिरी होतं, दाणा सुटतो, तळाला लागू नये म्हणून उलथनं सतत फिरत असतं, तिथं माणूस थांबतो. चपलेचंही तसंच: खिळा न मारता कातड्याच्या वादीनं घातलेली शिवण, पट्ट्याची वेणी विणणारी बोटं. पण हात दाखवले आणि गावाचं, कारागिराचं नाव घेतलं नाही, तर रील पळतं आणि ऑर्डर भलतीकडंच जाते. नाव पहिल्या दोन-तीन सेकंदांत, स्वतःच्या आवाजात यायला हवं.

सीमाभागात यात भाषेचा प्रश्नही येतो. मराठीत बोललेलं रील कोल्हापूर-पुण्याकडं जाण्याची शक्यता जास्त, कन्नडमधलं हुबळी-धारवाडकडं. बेळगावातल्या शहापूरच्या साडीवाल्याला कुरिअरनं माल पाठवायचा असेल तर पुण्याची पाहणारी बाई उपयोगाची. दुकानात गिऱ्हाईक हवं असेल तर वडगाव, टिळकवाडी, खानापूरची. दोन्ही हवी असतील तर एकाच रीलमध्ये दोन भाषांची खिचडी करू नये. दोन वेगळी रील्स करावीत आणि दोन्हींत बेळगावचं नाव स्पष्ट घ्यावं.