गिनी-बिसाऊ

गिनी-बिसाऊ हा पश्चिम आफ्रिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील एक लहान देश. त्याच्या उत्तरेस सेनेगल, पूर्वेस व दक्षिणेस गिनी आणि पश्चिमेस अटलांटिक महासागर आहे. क्षेत्रफळ ३६,१२५ चौ. किमी. असले, तरी त्यातला मोठा भाग खाड्या, नद्यांची रुंद मुखे आणि भरतीच्या पाण्याखाली जाणारा चिखलपट्टा यांनी व्यापलेला असल्याने प्रत्यक्ष जमीन सुमारे २८,००० चौ. किमी. इतकीच भरते. लोकसंख्या सुमारे २२ लाख आहे. पूर्वी राजधानी बोलामा बेटावर होती. १९४१ मध्ये ती बिसाऊ येथे हलविण्यात आली. शेजारच्या गिनीशी घोटाळा होऊ नये, म्हणून देशाच्या नावाला राजधानीचे नाव जोडलेले आहे.

या देशाचे भूवर्णन जमिनीपेक्षा पाण्यापासून सुरू करणे अधिक योग्य ठरेल. काशेउ, मान्सोआ, जेबा आणि कोरुबाल या प्रमुख नद्या असून समुद्राची भरती त्यांच्या पात्रांतून देशाच्या अंतर्भागात दूरवर शिरते. त्यामुळे नदी कोठे संपली आणि खाडी कोठे सुरू झाली, हे सांगणे अनेक ठिकाणी कठीण जाते. खाड्यांच्या दुतर्फा खारफुटीची दाट वने आहेत. पूर्वेकडे जमीन हळूहळू उंचावत जाऊन गवताळ मैदाने लागतात. आग्नेयेकडील बोए भागातल्या टेकड्या हा देशातील सर्वांत उंच प्रदेश असला, तरी त्यांची उंची जेमतेम ३०० मी.च्या घरात आहे. पावसाळा साधारणतः जून ते ऑक्टोबर असतो आणि कोरड्या ऋतूत सहाराकडून हरमाटन नावाचा धूळभरला वारा वाहतो. पावसाचे हे वेळापत्रक कोकणातल्या माणसाला ओळखीचे वाटेल. हरमाटन मात्र नाही.

किनाऱ्यासमोर बिजागोश द्वीपसमूह पसरलेला आहे. त्यात ८८ बेटे असून त्यांपैकी वीसेक बेटांवरच कायम वस्ती आहे. ओरांगो बेटावरील पाणघोडे गोड्या पाण्याची तळी आणि समुद्र या दोहोंत वावरतात, तर प्वालांव या चिमुकल्या बेटावर हिरव्या समुद्री कासवांच्या माद्या मोठ्या संख्येने अंडी घालण्यास येतात. यूनेस्कोने १९९६ मध्ये या द्वीपसमूहाला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला आणि २०२५ मध्ये त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. अनेक बेटे, वने व किनारे पवित्र मानून तेथे वस्ती, दफन किंवा रक्तपात वर्ज्य करण्याची बिजागो लोकांची प्रथा सरकारी संरक्षणापेक्षा कितीतरी जुनी आहे. कासवे टिकली त्याचे श्रेय तिलाही द्यावे लागते. पोर्तुगीजांना ही बेटे पूर्णपणे ताब्यात घेण्यास १९३६ साल उजाडले.

लोकसंख्येत फुला, बालांता, मांदिंगा, मांजाको आणि पापेल हे प्रमुख समाज असून कोणत्याही एका समाजाचे बहुमत नाही. पूर्वेकडील फुला व मांदिंगा बहुतांशी मुस्लिम आहेत, तर किनाऱ्याकडील समाजांत पारंपरिक धर्म आणि ख्रिस्ती धर्म आढळतात; अनेक कुटुंबांत हे दोन्ही एकत्र नांदतात. शासनाची भाषा पोर्तुगीज असली, तरी ती अस्खलित बोलणारे थोडेच. बाजारात, बोटीवर आणि वेगवेगळ्या समाजांतील लोकांच्या बोलण्यात चालते ती क्रिओल. पोर्तुगीज शब्दसंग्रह आणि आफ्रिकी भाषांची घडण यांच्या मिश्रणातून ती व्यापारी ठाण्यांवर जन्मली आणि पुढे स्वातंत्र्यलढ्याने तिला खेडोपाडी पोचविले.

भात हे येथील मुख्य अन्न, आणि ते पिकविण्याची बालांता लोकांची रीत हा या देशाचा सर्वांत मोठा तांत्रिक वारसा म्हटला पाहिजे. खारफुटी तोडून तेथे चिखलाचा बांध घातला जातो. बांधात ताडासारख्या झाडाचे पोकळ खोड बसवून ओहोटीच्या वेळी आतले पाणी बाहेर सोडतात आणि भरतीच्या वेळी तोंड बंद करून खारे पाणी अडवितात. बांधाआड साठलेले पावसाचे पाणी मातीतील क्षार धुऊन काढते. नव्या शेताला लागवडीयोग्य होण्यास काही वर्षे लागतात. मग पुरुष लोखंडी धारेच्या लांब लाकडी फावड्याने उंच वरंबे काढतात आणि लावणी प्रामुख्याने स्त्रिया करतात. अशा शेताला ‘बोलान्या’ म्हणतात. गोव्यातील खाजन शेती किंवा रायगडातील खारभूमी आणि तिच्या उघाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या पद्धतीचे तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. बांध एका घराच्या बळावर टिकत नाही. तरुणांच्या वयोगटानुसार बांधलेल्या टोळ्या मिळून ते काम करतात. विशेष म्हणजे बालांता समाजात राजे किंवा सरदार नव्हते, त्यामुळे हे सारे अवाढव्य मातीकाम कोणाच्या हुकमाविना उभे राहिले.

पूर्वेकडे मांदिंगांचे काबू हे राज्य अनेक शतके टिकले व एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फुला सैन्यापुढे कोसळले. पोर्तुगीज पंधराव्या शतकात किनाऱ्यावर आले. काशेउ व पुढे बिसाऊ ही त्यांची ठाणी गुलामांच्या व्यापारावर पोसली गेली. बोलामा बेटावर ब्रिटिशांनीही हक्क सांगितला होता. तो वाद अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांच्या लवादापुढे गेला आणि १८७० मध्ये निकाल पोर्तुगालच्या बाजूने लागला. त्या काळात युरोपीय सत्तांची पकड ठाण्यांपलीकडे फारशी नव्हती. अंतर्भाग प्रत्यक्ष जिंकला गेला तो विसाव्या शतकात.

स्वातंत्र्यलढ्याचे नेते अमिल्कार काब्राल हे व्यवसायाने कृषितज्ज्ञ होते. वसाहत सरकारच्या नोकरीत असताना १९५३ मध्ये त्यांनी कृषिगणना केली. त्या निमित्ताने गावोगाव फिरून कोणता शेतकरी काय पिकवितो आणि कोणाचे देणे लागतो, याचे जे ज्ञान त्यांना मिळाले, ते पुढे त्यांच्या राजकारणाचा पाया ठरले. १९५६ मध्ये त्यांनी पोर्तुगीज गिनी (म्हणजे आजचा गिनी-बिसाऊ) व केप व्हर्दे बेटे यांच्या स्वातंत्र्यासाठी पक्ष स्थापन केला. ३ ऑगस्ट १९५९ रोजी बिसाऊच्या पिजिगिती धक्क्यावर संपकरी गोदी कामगारांवर गोळीबार झाला, अनेक जण मारले गेले आणि पक्ष सशस्त्र लढ्याकडे वळला. पोर्तुगीज वसाहतींतील चळवळींनी १९६१ मध्ये कासाब्लांका येथे जी संयुक्त परिषद स्थापली, तीत काब्राल यांच्या पक्षाबरोबर गोमंतकीयही होते. गोव्यात जन्मलेले आकिनो दि ब्रागांझा हे तिच्या कामात अग्रभागी होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गोवा मुक्त झाला, पण पोर्तुगीज गिनीतील युद्ध १९६३ पासून अकरा वर्षे चालले. बालांता शेतकरी या लढ्याचा कणा होते आणि त्याची किंमत बोलान्यांनी मोजली : बाँबफेकीत बांध फुटले, तरुण लढ्यात किंवा परागंदा झाले आणि शेते पुन्हा खारी बनली. २० जानेवारी १९७३ रोजी काब्राल यांची शेजारच्या गिनीची राजधानी कोनाक्री येथे हत्या झाली. तरीही २४ सप्टेंबर १९७३ रोजी बोए भागात स्वातंत्र्याची घोषणा करण्यात आली. लिस्बनमध्ये एप्रिल १९७४ मध्ये हुकूमशाही उलथून टाकणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी अनेकांनी याच युद्धात सेवा बजावली होती; त्यानंतर १० सप्टेंबर १९७४ रोजी पोर्तुगालने स्वातंत्र्यास मान्यता दिली.

पुढचा राजकीय इतिहास लष्कराने वारंवार खंडित केलेला आहे. पहिले अध्यक्ष लुईश काब्राल यांना १९८० मध्ये पदच्युत करून झुआंव बेर्नार्दू व्हिएरा सत्तेवर आले. १९९८-९९ मध्ये यादवी झाली. २००९ मध्ये अध्यक्षपदी असतानाच व्हिएरा यांची हत्या झाली. २०१२ मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर २०२५ मध्ये निवडणुकीच्या निकालापूर्वीच लष्कराने सत्ता हाती घेतली. दक्षिण अमेरिकेतून युरोपकडे जाणाऱ्या कोकेनच्या वाहतुकीने बेटांचा आडोसा घेतल्याने देशाची अपकीर्ती झाली खरी, पण सामान्य माणसाचे जगणे त्या व्यापारावर नव्हे, तर एका बीवर अवलंबून आहे.

ते बी म्हणजे काजू. ब्राझीलमधील हे झाड पोर्तुगीजांनी गोव्यातही आणले आणि येथेही; मराठीतील ‘काजू’ आणि क्रिओलमधील ‘काजु’ हे एकाच पोर्तुगीज शब्दाचे वंशज होत. वसाहतकाळात येथील मुख्य निर्यात भुईमुगाची होती. काजूचा खरा विस्तार १९८० च्या दशकानंतर, व्यापारावरील सरकारी बंधने सैल झाल्यावर झाला, आणि आज निर्यातीच्या उत्पन्नाचा सुमारे नऊ-दशांश भाग काजूतून येतो. मोठे मळे आहेत. तथापि बहुतेक उत्पादन लहान कुटुंबांच्या बागांतून होते. प्रक्रिया देशात जवळजवळ होतच नाही. सालासकट कच्चे बी गोण्यांत भरून प्रामुख्याने भारत व व्हिएतनाम यांकडे पाठविले जाते, कारण भारतातील कारखान्यांना देशी बी पुरत नाही. गोव्याप्रमाणे येथेही बोंडूचा रस आंबवून मद्य करतात; रस काढण्याचे आणि विकण्याचे काम बहुधा स्त्रियांकडे असते.

मासेमारीचे परवाने हा सरकारचा दुसरा मोठा आधार असून युरोपीय संघाशी तसा करार आहे. फारीं येथे फॉस्फेट आणि बोए भागात बॉक्साइट यांचे साठे आहेत, परंतु त्यांनी अर्थव्यवस्थेचे रूप अद्याप बदललेले नाही. देशाने १९९७ मध्ये पेसो सोडून पश्चिम आफ्रिकेचा सीएफए फ्रँक स्वीकारला. २०२३ मध्ये तरंगत्या वीजकेंद्राची थकबाकी राहिल्याने बिसाऊ अंधारात गेले होते, यावरून सरकारी तिजोरीची अवस्था लक्षात यावी.

काजूचा हंगाम मार्च-एप्रिलमध्ये सुरू होतो आणि सरकार त्यापूर्वी किलोमागे किमान भाव जाहीर करते. हा भाव हाती पडेलच असे नसते, कारण दलाल बागेपर्यंत येतो तेव्हा शेतकऱ्याच्या घरातले भात संपत आलेले असते आणि पहिला पाऊस तोंडावर असतो. अनेक ठिकाणी व्यवहार रोखीत न होता काजूच्या बदल्यात आयात तांदूळ, असा होतो. त्यामुळे वर्ष कसे गेले हे गावात फ्रँकमध्ये मोजले जात नाही; एक पोते काजूला किती पोती तांदूळ मिळाला, यावर ते ठरते.