सिक्रीच्या दरबारातले पाद्री

फेब्रुवारी २०१९मध्ये पोप फ्रान्सिस आणि कैरोतल्या अल-अझहर या सुन्नी विद्यापीठाचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांनी अबू धाबीत मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर सह्या केल्या. तेव्हा सगळीकडे एक जुनी गोष्ट पुन्हा सांगितली गेली. १२१९ साली धर्मयुद्ध ऐन भरात असताना असिसीचे संत फ्रान्सिस इजिप्तच्या सुलतान अल-कामिलला भेटायला शत्रूच्या छावणीत गेले होते. गोष्ट मोठी खरी. पण ख्रिस्ती-मुस्लिम संवादाचा आपल्या अंगणातला अध्याय त्याहून गुंतागुंतीचा आहे, आणि त्याची सुरुवात गोव्यातून होते.

अकबराने १५७२-७३मध्ये गुजरात घेतला आणि मोगल समुद्रापर्यंत पोचले. तिथे पोर्तुगीज आधीच बसलेले. सुरतेहून मक्केला जाणाऱ्या जहाजालासुद्धा त्यांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, घ्यावा लागे. त्यावर मेरी आणि येशूची चित्रं असत. मखदूम-उल-मुल्क या दरबारी मौलवींनी तर असा फतवा दिल्याचं अकबरकालीन इतिहासकार बदायुनी नोंदवतो, की असली चित्रं जवळ बाळगून हजला जावं लागत असेल, तर हज बंधनकारक उरत नाही! संवादाची पार्श्वभूमी ही अशी: बंदरं, कर आणि परवाने.

१५७५मध्ये अकबराने फतेहपूर सिक्रीत इबादतखाना उभारला. आधी तिथे फक्त मुस्लिम विद्वानांचे वाद चालत, पुढे इतर धर्मांचे लोक आले. मग गोव्याला पत्र गेलं: दोन जाणते पाद्री पाठवा, सोबत तुमचे धर्मग्रंथही द्या. १७ नोव्हेंबर १५७९ला तिघे निघाले. तिशीही न गाठलेले इटालियन रुडोल्फ आक्वाविव्हा, कॅटलान आंतोनिओ मोन्सेरात, आणि इस्लाम सोडून ख्रिस्ती झालेले, फारसी जाणणारे फ्रान्सिस्को हेन्रिक्स. १५८०च्या फेब्रुवारीअखेर ते सिक्रीला पोचले. त्यांनी दिलेले अनेकभाषी बायबलचे जाडजूड खंड अकबराने डोक्याला लावले. शाहजादा मुरादला मोन्सेरात शिकवू लागले. अबुल फजलला शुभवर्तमानाच्या भाषांतराचा हुकूम झाला.

पण दोन्ही बाजूंना हवं होतं ते वेगळं. पाद्र्यांना बादशहाचा बाप्तिस्मा हवा होता. बादशहाला ऐकायचं होतं, आणि ऐकून झाल्यावर आपलं आपण ठरवायचं होतं. वादात पैगंबरांविषयी पाद्र्यांची भाषा इतकी तिखट होई, की त्याला आज कुणी संवाद म्हणणार नाही. एकदा तर प्रस्ताव निघाला, की मुल्लाने कुराण आणि पाद्र्याने बायबल घेऊन आगीत शिरावं, जो वाचेल तो खरा. संत फ्रान्सिसच्या चरित्रकारांनी हेच आव्हान त्यांच्या तोंडी घातलं आहे. सिक्रीत मात्र आक्वाविव्हांनी नकार दिला, देवाची अशी परीक्षा पाहणं हे पाप आहे, म्हणून. मला या प्रकरणातला हा सर्वात शहाणा क्षण वाटतो.

१५८३मध्ये आक्वाविव्हा हात हलवत गोव्याला परतले. त्याच जुलैत गोव्याच्या साष्टी भागातल्या कुंकळ्ळी गावात त्यांची हत्या झाली. मारणारे गावकरी हिंदू होते, आणि साष्टीतली देवळं पोर्तुगीज सत्तेने पाडली होती. सिक्रीला चर्चेसाठी माणसं पाठवणाऱ्या गोव्यात १५६०पासून इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, होतं. बोलणं जिथे सत्ता नव्हती तिथे, आणि सत्ता होती तिथे घण.

टिकाऊ काम झालं ते तिसऱ्या खेपेत. १५९५मध्ये जेरोम झेवियर लाहोरला आले. फ्रान्सिस झेवियरच्या नात्यातले. ते वर्षानुवर्षं फारसी शिकत राहिले आणि अब्दुस सत्तार इब्न कासिम या विद्वानाच्या साथीने त्यांनी ‘मिरात-उल-कुद्स’ हे येशूचरित्र १६०२मध्ये फारसीत पूर्ण केलं. दरबारी चितारी त्यासाठी चित्रं काढू लागले. एकेका फारसी वाक्यावर दोघांनी मान घालून बसणं, हे मला इबादतखान्यातल्या सगळ्या वादांपेक्षा मोलाचं वाटतं. (मराठी वाचकाला इथे फादर स्टीफन्स आठवणारच. तेही १५७९च्या ऑक्टोबरातच गोव्यात उतरले, आणि १६१६मध्ये त्यांचं ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत छापून आलं.)

मत मात्र कुणीच बदललं नाही. झेवियर यांच्या फारसीतल्या वादग्रंथाला इस्फहानच्या अहमद अल-अलवी यांनी खंडन लिहिलं, आणि १६३१मध्ये रोमहून ग्वादान्योली यांनी त्या खंडनाचं खंडन छापलं. पुढची तीन शतकं बहुतेक अशाच उत्तर-प्रत्युत्तरांची.

चर्चची अधिकृत भाषा बदलायला २८ ऑक्टोबर १९६५ उजाडावं लागलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्राने मुसलमानांविषयी आदर व्यक्त केला, आणि मागचे तंटे विसरण्याचं आवाहन केलं. २००६मध्ये पोप बेनेडिक्ट यांच्या रेगेन्सबर्गच्या भाषणातल्या इस्लामविषयीच्या उल्लेखावरून वादळ उठलं, तेव्हा वर्षभराने १३८ मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मप्रमुखांना खुलं पत्र लिहिलं. त्यात देवावरचं आणि शेजाऱ्यावरचं प्रेम, एवढाच पाया धरला होता.

१९६५च्या त्या मजकुरात आणखी एक वाक्य आहे. मुसलमान येशूला देव मानत नसले तरी पैगंबर मानतात, आणि त्याच्या कुमारी मातेचा, मेरीचा, मान राखतात. तिचं चित्र परवान्यावर छापलेलं मौलवींना खुपलं होतं. १६०२मध्ये तिचंच एक चित्र आग्र्याच्या चर्चमध्ये मांडलं, तेव्हा ते बघायला मुसलमानांचीही रीघ लागली होती.