प्रयोगशाळेतला समुद्र किती खारा?

पंचगंगेचा पूर ओसरला की काठच्या झुडपांवर कॅरीबॅगा लटकलेल्या दिसतात. कोल्हापूरकराला समुद्र म्हटलं की मालवण आठवतं. पण नदीत पडलेली पिशवी नरसोबाच्या वाडीला कृष्णेत जाते आणि वाटेतल्या धरणांत अडकली नाही, तर शेवटी बंगालच्या उपसागरात पोचते.

तिथं ती किती वर्षं टिकेल? उत्तरं तयार असतात. बाटलीला ४५० वर्षं, हे तर शाळेच्या तक्त्यावरही असतं. पण शीतपेयाच्या पीईटी या प्लास्टिकच्या बाटलीचं पेटंटच १९७३ चं. साडेचारशे वर्षं थांबून कुणी पाहिलेलं नाही. तो अंदाज आहे.

प्लास्टिक मोडतं ते मुख्यतः उन्हातल्या अतिनील किरणांमुळे. रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, तिथं ऑक्सिजन जोडला जातो आणि वस्तू ठिसूळ होते. म्हणून झुडपावरची पिशवी उन्हाळ्यात हात लावताच फाटते आणि गाळात गाडलेली मात्र तशीच निघते. निसर्गात याला फार वेळ लागतो आणि संशोधकाला पीएचडी संपवायची असते. मग बंद पेटीत झेनॉनचा प्रखर दिवा लावतात, तापमान बऱ्याचदा ६० अंशांच्या आसपास नेतात आणि ‘दर १० अंशांना वेग साधारण दुप्पट’ या ढोबळ नियमानं उलटा हिशेब मांडतात.

गोची या हिशेबातच आहे. तापवल्यावर काही प्लास्टिकचा स्वभावच बदलतो. मक्यापासून बनणारं पीएलए ५५ ते ६० अंशांना मऊ पडतं. औद्योगिक कंपोस्टच्या ५८ अंशांत ते काही महिन्यांत विरतं, समुद्राच्या पाण्यात मात्र जवळपास ढिम्म राहतं. प्लास्टिक खाणाऱ्या जिवाणूंचीही तीच गत. जपानमध्ये सापडलेल्या ‘इडिओनेला साकाइएन्सिस’ची २०१६ मध्ये केवढी वाहवा झाली! ३० अंशांवर त्यानं पीईटीची पातळ फिल्म सहा आठवड्यांत फस्त केली होती. पण त्या फिल्ममधले रेणू विस्कळीत होते. बाटलीत ते शिस्तीत, घट्ट रचलेले असतात. तिथं या जिवाणूचं फारसं चालत नाही.

शिवाय खरा समुद्र एकसारखा नसतो. तरंगत्या तुकड्यावर जिवाणूंचा थर बसतो, मग शेवाळ, मग शिंपलेवर्गी जीव. ऊन अडतं, वजन वाढतं, तुकडा बुडतो. हजार मीटरखाली सूर्यप्रकाश नाही आणि पाणी जेमतेम चार अंशांचं. १९६८ मध्ये ‘अल्विन’ ही अमेरिकी पाणबुडी सुमारे दीड हजार मीटरवर बुडाली. दहा महिन्यांनी वर काढली, तेव्हा आतली सँडविचं आणि सफरचंदं बऱ्यापैकी शाबूत होती! जिथं पाव सडत नाही, तिथं पॉलिथिनची काय कथा.

म्हणून काही प्रयोगशाळा मोडीत काढायची नाही. साखळी कुठं तुटते, कोणतं रसायन बाहेर पडतं, हे तिथंच कळतं. माझा अविश्वास फक्त वर्षांच्या आकड्यांवर आहे. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठानं पिशव्या थेट समुद्रात, मातीत आणि उघड्यावर ठेवल्या. निष्कर्ष २०१९ मध्ये आले. ‘बायोडिग्रेडेबल’ पिशवी समुद्रात आणि मातीत तीन वर्षं राहूनही बाजाराचं ओझं पेलत होती. कंपोस्टेबल पिशवी समुद्रात तीन महिन्यांत दिसेनाशी झाली, पण मातीत २७ महिन्यांनंतरही होती. आणि तो समुद्रही बंदरातला, उथळच होता.