विश्वामित्रीचा ऑक्सिजन रंगवणारी मैत्रीण

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन डोळ्यांना दिसू शकतो, हे मला बडोद्याच्या एका चित्रकार मैत्रिणीने दाखवलं, तिथल्याच विश्वामित्री नदीच्या पाण्यात. ती आता नाहीये. फाइन आर्ट्सला शिकली, जिथे १९५० पासून चित्रकार ना. श्री. बेंद्रेंनी चित्रकला शिकवली त्याच फॅकल्टीत, आणि मग सगळ्यांना चकित करून पर्यावरण विज्ञानाकडे वळली. वळली म्हणजे ब्रश सोडला असं मात्र नाही हां, उलट तिचं सगळ्यात चांगलं काम तिथेच झालं असं मला मनापासून वाटतं.

आधी थोडं गणित. एक लिटर हवेत ऑक्सिजन असतो साधारण पावणेतीनशे मिलिग्रॅम, आणि २५ अंश तापमानाच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात फार तर ८ च्या आसपास, पाणी तापलं की अजून कमी. एवढ्याशा शिलकीवर नदीतले मासे जगतात. त्यात सांडपाणी आलं की त्यातली घाण खाणारे जिवाणू भराभर वाढतात आणि तेही हाच ऑक्सिजन वापरतात. आपल्याकडच्या निकषांप्रमाणे मासे आणि वन्यजीवांसाठीच्या पाण्यात लिटरमागे निदान ४ मिलिग्रॅम तरी हवा.

हे मोजायची जुनी पद्धत विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये दिली, कॉलेजच्या लॅबमध्ये आजही शिकवतात. काचेच्या बुचाची ३०० मिलीची बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची, एकही बुडबुडा राहता कामा नये, कारण त्या बुडबुड्यातला ऑक्सिजन सगळा हिशेब बिघडवतो. मग पिपेटचं टोक पाण्यात बुडवून मँगनीज सल्फेट सोडायचं, त्यानंतर अल्कली-आयोडाईड-अझाईड (हे विषारी आहे, म्हणून शाळेतली मुलं सोबत असली की ती या बाटलीला त्यांना हात लावू द्यायची नाही), बूच लावून बाटली उलटीसुलटी करायची. आणि मग बघत राहायचं. पाण्यात ऑक्सिजन नसेल तर पांढरा साका पडतो, असेल तर तपकिरी, आणि जितका जास्त तितका गडद. हे सगळं नदीकाठीच उरकावं लागतं, कारण घरी पोचेपर्यंत बाटलीतले जिवाणू आपलं काम करतच असतात.

पुढे लॅबमध्ये आम्ही काय करतो, तर त्यात ॲसिड घालतो, साका विरघळतो, आयोडिन सुटून पाणी पिवळं होतं, स्टार्च घातलं की निळं, आणि मग थायोसल्फेटचे थेंब मोजत मोजत तो निळा रंग घालवतो, म्हणजे शेवटी हातात राहतो फक्त एक आकडा आणि बाटलीत रंगहीन पाणी. तो तपकिरी रंग कोणीच ठेवत नाही. तो ठेवायचा हे तिला सुचलं! ॲसिड घालायच्या आधी ती बाटली पांढऱ्या कागदासमोर धरायची, जाड कागदावर जलरंगात तीच छटा उतरवायची, साका किती खाली बसलाय, वरचं पाणी कसं दिसतंय, सगळं, आणि टायट्रेशन (म्हणजे ते थेंब मोजणं) झालं की मागे पेन्सिलीने आकडा, जागा, वेळ, पाण्याचं तापमान. ही चित्रं जागेप्रमाणे ओळीने लावली की पावागडकडून शहरात येणारी विश्वामित्री नाल्यांच्या तोंडापाशी कशी फिकट होत जाते ते कोणालाही कळतं, कसलाही तक्ता न वाचता.

एक गोष्ट तिने फार नीट पकडली होती. एकाच जागेची दोन चित्रं, एक पहाटेचं, एक दुपारचं. पहाटेचं जवळजवळ पांढरं आणि दुपारचं गडद तपकिरी. आधी मला वाटलं रसायन जुनं झालं असेल. पण पाणी हिरवं होतं, शेवाळाने भरलेलं, आणि शेवाळ दिवसभर उन्हात ऑक्सिजन सोडतं, रात्री मात्र स्वतःच वापरतं. म्हणजे दुपारी बारानंतर कोणी एकदाच नमुना घेऊन नदी छान आहे म्हणालं तर विश्वास ठेवू नका, मासे गुदमरतात ते पहाटे.

आणि मगरी. बडोद्यात विश्वामित्रीवरच्या काळा घोड्याच्या पुलावर माणसं थांबून मगर बघतात आणि म्हणतात, एवढ्या मगरी आहेत म्हणजे नदी जिवंत आहे ना. ती तिथेच त्यांना गाठून समजवायची, अहो काका, मगरीला फुप्फुसं आहेत, ती वर येऊन आपल्यासारखीच हवा घेते, पाण्यातल्या ऑक्सिजनवर ती जगत नाही. मागूर मासाही वर येऊन हवा घेऊ शकतो, रोहू-कटल्याला ते जमत नाही. तेव्हा बघायचंच तर मासे कोणते उरलेत ते बघा. हे बोलणं तिने किती जणांना ऐकवलं असेल कोण जाणे, पण प्रत्येक वेळी तितक्याच तळमळीने, आणि बाटली हातातच असल्यामुळे लोक ऐकायचे पण.

तिच्या कागदांचं बाड सध्या तिच्या भावाकडे आहे. मागचे आकडे मी वहीत उतरवून घेतोय, आणि त्यानंतर त्याच जागांवर, त्याच वेळांना पुन्हा बाटल्या भरायच्या आहेत. आकडे माझे होतील, पण छटा उतरवायला रंगाची नजर असलेलं माणूस लागेल. फाइन आर्ट्समधलं कोणी हे वाचत असेल तर पहाटे सहाला काळा घोड्याच्या पुलापाशी यायची तयारी ठेवा.